अठरावं झाकण

बत्तीस वर्षं पंचायत समितीच्या कार्यालयात एक कागद इकडचा तिकडे होऊ न देणाऱ्या चंद्रकांतरावांनी पोशेऱ्याच्या एका पाड्याचं अख्खं दप्तर तांबड्या कोंबडीला खाऊ घातलं, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

हेतू वाईट नव्हता. त्यांच्या हातून आजवर जे काही बिघडलं ते मदत करतानाच बिघडलं, असं त्यांच्या पत्नी सुमनताईंचं मत आहे आणि सुमनताईंकडे उदाहरणं कायम तयार असतात. त्या दिवशी ते हौशीबाईंच्या ओट्यावर बसले होते. हौशीबाई झऱ्यावर पाण्याला गेल्या होत्या. पायाशी शिपाई झोपला होता. शिपाई म्हणजे चंद्रकांतरावांचा कुत्रा. बसल्या बसल्या त्यांना दाराच्या आत वर एक फळी दिसली. फळीवर औषधाच्या बाटल्यांची झाकणं ओळीनं मांडलेली आणि बहुतेक झाकणांत दाणे. कशात एक नागलीचा, कशात दोन वरईचे, कशात उडीद, तूर, वाल. वर धूळ. बाईंचं वय झालं, सांडलेलं धान्य वेचून ठेवते आणि विसरून जाते, असा निष्कर्ष काढून चंद्रकांतराव उठले. फळी खाली घेतली, झाकणं एकेक करून ओंजळीत रिकामी केली, फुंकून पुसून पुन्हा ओळीत लावली आणि समोर घुटमळणाऱ्या कोंबडीला "ये ये ये" करून दाणे टाकले.

कोंबडीनं वेळ घालवला नाही.

हौशीबाई डोक्यावर दोन हंडे घेऊन आल्या. त्यांनी फळीकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं, मग चंद्रकांतरावांकडे पाहिलं. आधी हंडे उतरवले. थेंब सांडला नाही.

"सायब, झाकणांत दाणं व्हतं."

"हो, ते मी टाकले कोंबडीला. धूळ बसली होती हो सगळ्यावर."

"ती कुत्री व्हती," हौशीबाई म्हणाल्या.

हौशीबाई करतात तितकं साधं काम कुणी करत नाही, आणि समजावून सांगायला गेलं तर तितकं अवघडही काही नाही. दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. लहान्याचं घर भिवंडीकडे, गौराचं वसईच्या वीटभट्टीवर, देवानंदचं ठाण्याला बांधकामावर. दारांना कड्या लागतात. पोरंबाळं, हंडे, कोंबड्यांच्या खुराड्यासकट सगळं टेंपोत चढतं. कुत्री तेवढी चढत नाहीत. ती टेंपोमागे फाट्यापर्यंत पळतात, तिथं उभी राहतात, आणि आपापल्या बंद दारापाशी परत येऊन बसतात ती शिमग्यापर्यंत. त्या पाड्यात अशी सतरा कुत्री आहेत. त्यांना पेज घालायला मागे राहतात त्या हौशीबाई.

पूर्वी त्याही जात होत्या. बारा हंगाम भट्टीवर विटा थापल्या. तिथं शेठचा एक दांडगा विलायती कुत्रा होता. त्याच्या कानात गोचीड झाले की शेठ ओरडायचा, "कुणीतरी काढा रे," आणि तो कुत्रा दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. हौशीबाईंना द्यायचा. का, ते त्यालाच ठाऊक. एकदा त्यांनी त्याच्या पापणीवरचा एक काळा दाणा गोचीड समजून ओढला. तो मस होता. रक्त थांबेना. कुत्रा चावला नाही, नुसता त्यांच्याकडे पाहत बसला. "चावता त बरा व्हता," असं त्या अजून म्हणतात. त्या दिवसापासून पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही, असं ठरलं. नवरा गेल्यावर त्या भट्टीवर जायच्या थांबल्या, आणि संध्याकाळ झाली की एकेक कुत्रं ओट्यावर घ्यायचं हा त्यांचा नेम सुरू झाला.

आधी ओठ उलटून हिरड्या बघायच्या. लाल असल्या तर पुढे जायचं. पांढऱ्या पडल्या असल्या तर गोचिडाचा ताप, तिथं आपलं काम संपलं, डॉक्टरचं सुरू झालं. मग कान आतून, मानेखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या खाली. बोटाला काही लागलं की केस बाजूला करायचे आणि हळू फुंकर घालायची. गोचीड असेल तर त्याचे पाय दिसतात, वळवळतात. मस असेल तर ढिम्म. गोचीड असेल तर बांबूच्या पातीचा चिमटा अगदी कातडीला टेकवून धरायचा आणि सरळ, सावकाश ओढायचा. पिळायचा नाही, चिरडायचा नाही, रॉकेल लावायचं नाही. काढलेला साबणाच्या पाण्यात. जागा पुसून घ्यायची.

आणि जे गोचीडही नसेल, मसही नसेल, कातडीत नुसतंच काहीतरी घट्ट बसलेलं असेल, त्यासाठी झाकणं होती.

हौशीबाईंना लिहिता येत नाही. पण गाठ केवढी आहे हे लक्षात कसं राहणार? म्हणून त्या मापाचा दाणा निवडतात आणि झाकणात ठेवतात. पहिलं झाकण पाड्यातल्या पहिल्या घराच्या कुत्र्याचं, दुसरं दुसऱ्याचं, असं ओळीनं. दोन गाठी असतील तर दोन दाणे. काही नसेल तर झाकण रिकामं. पंधरा दिवसांनी पुन्हा बोट फिरवायचं आणि दाणा ताडून बघायचा. एका पावसाळ्यात, झाकणांचं नाव न काढता, त्यांनी चंद्रकांतरावांना गाठींचा सगळा हिशेब एका दमात सांगितला होता: "दोन दिसांत तिळाचा वाल झाला त गोचीड. महिन्यात झाला त डाक्टर. पाच वर्सांत झाला त म्हातारपन. त्याला काय करायचा नाय, खाजवून द्यायचा."

कार्यालयातल्या माणसाला एवढी सुबक नोंदवही ओळखता येऊ नये, याचं चंद्रकांतरावांना त्या ओट्यावर फार वाईट वाटलं. अनुक्रमांक होता, माप होतं, खाडाखोड शून्य. फक्त कागद नव्हता, म्हणून त्यांनी ते दप्तर कोंबडीला घातलं.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय? हांक मारते."

त्यांनी तोंडानं एक आवाज काढला आणि बंद दारांपुढून, शेणखताच्या ढिगांमागून, पळसाखालून सतरा कुत्री उठून आली. हौशीबाई अंगणात वाकून काहीतरी वेचत होत्या. कोंबडीनं टाकून दिलेले तीन वाल होते. त्यांनी ते पदराला पुसले, तीन झाकणांत टाकले. मग एकेक कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवत मडक्यांतले दाणे काढून बाकीची झाकणं होती तशी लावली. सतराच्या सतरा. अर्धा तास लागला.

"सगळं आठवतं तुम्हाला?"

"ही रोज हाताखालून जातात. ही माला पाठ हाईत." मग त्यांनी ओळीतल्या शेवटच्या, रिकाम्या झाकणावर बोट ठेवलं. "ह्यो मात्र एकदाच आला. ह्याचा काय व्हता?"

ते अठरावं झाकण शिपायाचं होतं. आणि ठाऊक नसलं तरी चंद्रकांतराव तिथं आले होते ते त्या एका झाकणासाठीच.

शिपाई पंचायत समितीच्या दारात सापडला, म्हणून शिपाई. खरा शिपाई जेवायला गेला की हा दारात बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशा नजरेनं बघायचा की लोक आपोआप रांग लावायचे. हौशीबाई निराधारांच्या अर्जासाठी पहिल्यांदा तिथं आल्या तेव्हा चंद्रकांतरावांनी मान वर न करता सांगितलं होतं, "साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या ये." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. ते तीन दिवस हौशीबाई दारात बसून शिपायाच्या अंगातले गोचीड काढत होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चंद्रकांतरावांच्या टेबलावर एक बाटली आणून ठेवली. साबणाच्या पाण्यात एकोणतीस गोचीड. "माजा काम उद्या कर," त्या म्हणाल्या, "पन ह्याला बघत जा. हा तुझ्याच दारात बसतो."

काम त्याच दिवशी झालं. पुढे चंद्रकांतराव निवृत्त झाले, तेव्हा सत्काराची शाल आणि शिपाई घेऊन जव्हारला घरी आले. त्यानंतर हौशीबाईंना ते "ए बाई"ऐवजी "हौशीबाई, तुम्ही" म्हणू लागले. हौशीबाई मात्र आधीही "सायब, तू" म्हणत होत्या आणि नंतरही.

जव्हारला शिपायाचं बरं चाललं होतं. सकाळी शिरपामाळावर फेरी, दुपारी सुमनताईंच्या वाळवणाची राखण. महिन्यापूर्वी चंद्रकांतरावांना त्याच्या मागच्या मांडीवर काहीतरी लागलं. शिरपामाळाच्या गवतात गोचीड असतातच, म्हणून त्यांनी सुमनताईंचा भुवयांचा चिमटा आणला आणि ओढलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा शिपाई त्यांच्यावर गुरगुरला.

"अहो, त्याला पाय आहेत का बघितलंत?" सुमनताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आणि चिमटा माझा आहे तो!"

पाय नव्हते. लालसर, घट्ट, केस गळालेला एक ठिपका होता. दुसऱ्याच दिवशी ते शिपायाला जीपमध्ये घालून पोशेऱ्याला आले. हौशीबाईंनी बोट फिरवलं, दाबलं, कातडी सरकवून पाहिली. कातडी सरकली, गाठ तिच्याबरोबर सरकली. मडक्यातून एक उडीद काढून त्यांनी चंद्रकांतरावांसमोर धरला. "बघून ठेव. उडीद." मग दाणा घेऊन त्या आत गेल्या. "महिन्यानं ये. उडीदच ऱ्हायला त घरी घेऊन जा."

"आणि मोठा झाला तर?"

"त डाक्टर."

"पण काही वाईट नाही ना?"

"नाय समजत," हौशीबाई म्हणाल्या. ही त्यांची एक खोड होती. समजत नसलं की समजत नाही म्हणायच्या. लोकांना ते आवडत नसे. लोकांना औषध नसलं तरी चालतं, उत्तर लागतं.

तर असा तो महिना संपला होता. हौशीबाईंनी शिपायाला ओट्यावर घेतलं, मांडीवरचे केस बाजूला केले, बोट ठेवलं. चंद्रकांतराव त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी मडक्यात हात घातला आणि दाणा काढून गाठीशेजारी धरला. वाल होता. पांढरट, चपटा, भरीव वाल.

"आज वाल हाय. आता तू सांग, सायब. तुला दाखवलेला. त्या दिसाला काय व्हता?"

चंद्रकांतरावांना उडीद लख्ख आठवत होता. काळा, त्यावर पांढरी रेघ. महिनाभर त्यांनी घरी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. सुमनताईंनी वड्यांसाठी उडीद निवडायला घेतले तर ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. त्यांना ठाऊक होतं, उडदाचा वाल झाला याचा अर्थ दवाखाना, सुई, कापाकापी, आणि त्यानंतरचं जे काही असेल ते. आणि वालाचा वालच राहिला याचा अर्थ जीप, घर, शिरपामाळ. दप्तर कोंबडीच्या पोटात होतं. साक्षीदार ते एकटेच.

"वाल," ते म्हणाले. "वालच होता बहुतेक."

हौशीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कुत्र्याच्या केसांत बघतात तसंच पाहिलं. मग तो वाल अठराव्या झाकणात ठेवला.

"वाल व्हता त आठ दिसांनी ये," त्या म्हणाल्या. "उडीद व्हता त आजच डाक्टरकडं जा."

"वाल होता म्हणतोय ना मी."

"मंग आठ दिसांनी."

फाट्यापर्यंत चंद्रकांतराव भरभर चालले. तिथून मिळेल त्या गाडीनं मोखाड्याला उतरून त्यांनी जव्हारची जीप पकडली. जीपवाला जिव्या ओळखीचा होता.

"सायब, शिपाई पुढं बसनार का तू?"

"दोघंही मागे बसतो."

"बस. पन त्याला खिडकी दे, मागच्या वेळी तूच डोका बाहेर काढून बसला व्हतास."

लोक हसले. चंद्रकांतरावही हसले. माणसं भरेपर्यंत जीप थांबून होती. शिपायानं आपलं डोकं त्यांच्या बुटावर ठेवलं आणि डोळे मिटले. बघायचं नाही असं ठरवूनही चंद्रकांतरावांचा हात त्याच्या मांडीवर गेला. गाठ बोटाखाली आली. नोकरीत त्यांनी बरंच काही केलं होतं. लोकांना उद्या या म्हटलं होतं, चहाला वेळेआधी उठले होते, साहेबांच्या दौऱ्यामागे लपले होते. पण जे घडलं त्याच्या जागी दुसरंच लिहिलं, असं कधी केलं नव्हतं. आणि आज पहिल्यांदा केलं ते कुणासाठी? शिपायासाठी नव्हे. त्याला उडीद काय आणि वाल काय. तो गाठीवर बोट असतानाही निवांत झोपला होता. गाठ वाढली की नाही हे त्यांच्या उत्तरावर ठरणार आहे अशी त्याची समजूत नव्हती. ती त्यांचीच होती.

जीप सुटली, बाजाराच्या वळणापर्यंत गेली.

"जिव्या, थांबव."

"आता काय राह्यला?"

"उतरायचंय."

"उतरायचा व्हता त चढलास कशाला, सायब?"

याचं उत्तर द्यायला लागलं तर जीपभर माणसं खोळंबली असती. ते शिपायाला घेऊन उतरले आणि मागे चालत जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर प्रांजल तिशीच्या आतली, बुटक्या स्टुलावर बसून एका शेळीच्या खुराला पट्टी बांधत होती. शेळी आटोपल्यावर तिनं शिपायाला टेबलावर घ्यायला लावलं.

"काका, कधीपासून आहे? वाढली का?"

चंद्रकांतरावांनी मांडीवरची गाठ दाखवली. "महिन्यात उडदाचा वाल झाला."

डॉक्टर हसली नाही. तिनं एकदम मान वर केली. "हौशीबाईंकडून आलात?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्या पाड्यातली माणसं दाणा मुठीत घेऊनच येतात. इतर गावांतून येतात ती म्हणतात, गाठ आहे, आधी लहान होती. म्हणजे केवढी? तर अशी लहान." ती सुई बाहेर काढत होती. "धरा त्याला. डोकं तुमच्याकडे. तुम्ही दुसरीकडे बघितलं तरी चालेल, हात सोडू नका."

चंद्रकांतरावांनी दुसरीकडे बघितलं. हात सोडले नाहीत. सुईनं काढलेलं काचेवर पसरून डॉक्टर बराच वेळ यंत्रात डोळा घालून बसली. भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक होतं. चंद्रकांतरावांनी ते तीनदा वाचलं, त्यांना त्यात शुद्धलेखनाची एक चूक सापडली आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती त्यांनी कुणाला दाखवली नाही.

"काका, या पेशी चांगल्या नाहीत," डॉक्टर म्हणाली. "पण गाठ अजून लहान आहे आणि कातडीतच आहे. आज उपाशी आहे का तो?"

"सकाळी बिस्किटं खाल्लीत."

"मग उद्या सकाळी आणा. कडेची बरीच कातडी घेऊन काढते. वालाचा पेरू होईपर्यंत थांबला असतात तर मी काही बोलू शकले नसते."

दुसऱ्या दिवशी गाठ निघाली. एक तुकडा तपासायला मुंबईला गेला. सुमनताईंनी जुन्या परकराची शिपायाला चड्डी शिवली, म्हणजे त्यानं टाके चाटू नयेत, आणि ती घालून तो इतका शरमला की दोन दिवस शेजारच्या मांजरासमोर गेला नाही. हौशीबाईंपाशी काय उत्तर दिलं ते चंद्रकांतरावांनी सुमनताईंनाही सांगितलं. त्यांना वाटलं होतं, एक उदाहरण वाढेल. पण सुमनताई एवढंच म्हणाल्या, "आता तिथं जाऊन सांगून या." सातव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. कापलेल्या कडा स्वच्छ होत्या. दर महिन्याला अंग चाचपत राहायचं, बस.

आठव्या दिवशी सकाळी चंद्रकांतराव पोशेऱ्याला पोचले. बरोबर चड्डीतला शिपाई आणि किलो किलो उडीद, तूर, वाल. हौशीबाई ओट्यावरच होत्या. धुतलेलं लुगडं, कमरेला पिशवी, हातात काठी. सतरा कुत्री त्यांच्याभोवती बसून होती. पेज घालून झाली होती.

"कुठं निघालात?"

"जव्हारला."

"जव्हारला? काय काम काढलंत?"

हौशीबाईंचं लक्ष शिपायाकडे होतं. त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली, पिशवी सोडली, शिपायाला ओट्यावर घेऊन चड्डी खाली केली आणि टाक्यांवर न टेकवता बोट फिरवलं. मग उठून अठराव्या झाकणातला वाल काढून मडक्यात टाकला. झाकण रिकामंच फळीवर ठेवलं, ओळीत, शेवटी.

चंद्रकांतरावांनी पूर्ण वाक्य जीपमध्येच जुळवून ठेवलं होतं. तोंडातून त्यातलं एवढंच निघालं: "हौशीबाई, उडीद होता."

"माला म्हाईत व्हता."

"माहीत होतं? कसं?"

"कोंबडी वाल खात नाय. आंगनात तीन वाल पडलं व्हतं, तिन्ही माज्या कुत्र्यांचं. तुझा वाल आसता त चार पडलं आसतं."

चंद्रकांतराव कोंबडीकडे पाहत राहिले. ती त्यांच्या पिशवीच्या तोंडाशी येऊन उभी होती. म्हणजे दप्तर खाल्लं तरी साक्ष तिनंच ठेवली होती, आणि ज्यांच्यापुढे ठेवली त्यांनी ती वाचून, पदराला पुसून, मुकाट झाकणात टाकली होती. मग आठ दिवस वाट पाहिली होती. आणि आठव्या दिवशी लुगडं बदलून त्या जव्हारला निघाल्या होत्या.

"मग त्याच वेळी का नाही बोललात? तोंडावर म्हणायचं, सायब, खोटं बोलतोस."

हौशीबाईंनी शिपायाची चड्डी वर ओढली, नाडी घट्ट केली आणि त्याला चंद्रकांतरावांच्या मांडीवर ठेवलं.

"कुत्रा तुझा हाय."